मागच्या बाजूला काय लिहायचं

मराठीत 'मी केलं' म्हणताना क्रियापद माझ्याकडे बघतच नाही. मी पेटी केली, मी पक्षी केला, मी कमळ केलं. हे सगळं केलेल्या वस्तूच्या मागे जातं; करणारी बाई आहे की बुवा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कन्नडमध्ये नेमकं उलट. 'माडिदे' एवढ्या एका शब्दात 'मी' येऊन बसते, 'माडिदळु' म्हटलं की 'ती'. कर्ता क्रियापदाच्या शेपटाला बांधलेला असतो, त्याला सोडवून बाजूला ठेवता येत नाही. कन्नडमधून मराठीत भाषांतरं करताना हा फरक मी रोज दहा वेळा ओलांडते. त्यात काही नैतिक भानगड असेल असं मात्र लाकूड कापायला लागेपर्यंत वाटलं नव्हतं.

लाकूड कापते ते स्क्रोल सॉवर. ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांनी शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणावं आणि सुईच्या जागी पाच इंच लांबीचं, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचं करवतीचं पातं बसवावं. पातं जागच्या जागी वर-खाली होत राहतं, मिनिटाला ४०० वेळांपासून १६०० वेळांपर्यंत, बटण फिरवाल तसं. वळायचं ते लाकडाने. सुताराच्या करवतीला सरळ जायची सवय असते. हिला वळणं आवडतात. मधला तुकडा काढायचा तर बाहेरची कड न चिरता आत शिरावं लागतं. आधी बारीक भोक पाडायचं, पातं वरच्या क्लँपमधून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताण पाहायचा. ताण बरोबर असेल तर बोटाने छेडल्यावर पातं स्वच्छ, वरच्या पट्टीत वाजतं. जाळीत ऐंशी भोकं असली तर हे सगळं ऐंशी वेळा. बंगळूरच्या आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत रविवारी सकाळी माझं हे चाललेलं असतं. खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या आजी त्याला 'तुझं दळण' म्हणतात.

आणि मी जे कापते त्यातलं बहुतेक दुसऱ्या कुणीतरी काढलेलं असतं. पॅटर्न विकत घेतलेला, पुस्तकातला, किंवा कुणी भेट दिलेला. या छंदाची जन्मापासूनच ही रीत आहे. १८९५ साली इंग्लंडमध्ये 'हॉबीज' नावाचं साप्ताहिक निघालं, त्याच्याबरोबर फ्रेटवर्कचे पॅटर्न मिळत. लोक संध्याकाळी पायाने चालवायच्या करवतीवर बसून ते कापत आणि घड्याळाच्या चौकटी, फोटोच्या फ्रेमा, भिंतीवरच्या फळ्या करत. एकाच रेषेवरून कितीतरी घरांत कितीतरी हात फिरले असतील. त्या प्रत्येक घरात पाहुण्याने विचारलं असणार, 'हे तुम्ही केलंत?' आणि उत्तर काय आलं असणार हे सांगायला नको.

ते उत्तर खोटं नव्हतं. पॅटर्न म्हणजे वस्तू नव्हे, हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. लाकडाचे रेषे कुठल्या दिशेला ठेवायचे, हे कागद सांगत नाही. हरणाचा पाय रेषांना आडवा आला तर तो कापून झाल्यावर, अगदी पॉलिश पेपर फिरवताना, कट्कन मोडतो. आधी आतली भोकं, शेवटी बाहेरची कड, हा क्रम चुकला तर धरायला लाकूड उरत नाही. पातं बनवताना त्याच्या दातांच्या एका बाजूला बारीकशी धार जास्त उरते, त्यामुळे लाकूड सरळ ढकललं तरी काप एका अंगाला सरकतो. सरळ कापायचं असेल तर लाकूड जरा तिरकं धरावं लागतं. भाषांतरकारांना हे वाक्य मी समजावून सांगायची गरज नाही.

एक उदाहरण द्यायचा मोह होतो. घरावरच्या नावाच्या पाट्या. रोमन अक्षरं कापली की सुटी सुटी होतात. ती मागे फळी घेऊन चिकटवावी लागतात, किंवा खाली एक पट्टी ठेवून तिच्यावर उभी करावी लागतात. कन्नडचंही तसंच: अक्षरं गोल, देखणी, पण प्रत्येक आपापल्या घरी, आणि जोडाक्षराचा खालचा भाग म्हणजे वेगळंच बिऱ्हाड. देवनागरीला मात्र शिरोरेषा आहे. 'कुलकर्णी' कापलं की सगळी अक्षरं एका दांडीला लटकून अखंड बाहेर येतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. गंमत अनुस्वाराची. 'शिंदे' कापलं की टिंब भुशात पडतं. ते शोधून काढायचं, मागे काडी लावून जागेवर बसवायचं, नाहीतर शिंद्यांचे शिदे होतात. हा निर्णय पॅटर्न काढणाऱ्याचा नसतो, मालकाचा नसतो; तो कापणारीचा असतो, आणि नीट जमला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा 'मी केलं' म्हणायला हरकत काय? आपल्याकडे पुरणपोळी 'मी केली' म्हणताना कुणी कचरत नाही. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, तेव्हापासून किती घरांत त्यातलं वाचून किती पदार्थ झाले. ताटात वाढताना कुणी ओगल्यांचं नाव घेत नाही आणि त्यात कुणाची फसवणूकही होत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं समोर ठेवून काढलेल्या रांगोळीचंही तेच. अंगणात, ताटात, म्हणजे जिथे सगळ्यांना ठाऊक असतं की कृती आणि नक्षी कुठून तरी येतात, तिथे 'मी केलं'चा अर्थ 'हात माझे होते' एवढाच असतो.

अडचण सुरू होते ती वस्तू दाखवायला घराबाहेर नेल्यावर. दोन-तीन महिन्यांनी आम्ही सात-आठ छंदी लोक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतो आणि पूर्ण झालेली कामं मांडतो. निवृत्त इंजिनिअर, एक दंतवैद्य (तिचा हात आमच्या सगळ्यांत स्थिर), एक बँकेतला, एक कॉलेजातला पोरगा. तिथला अलिखित शिष्टाचार मला फार आवडतो. वस्तू टेबलावर ठेवताना माणूस सांगतो: पॅटर्न अमक्याचा, लाकूड तमकं, पातं या नंबरचं, इतके तास लागले, आणि इथे मोडलं होतं ते असं सांधलं. मग वस्तू हातोहात फिरते. प्रत्येकजण आधी उलटी करून मागची बाजू बघतो, कारण पुढची बाजू घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते. पात्याने कुठे ओरबाडलंय ते मागे दिसतं.

एकदा एकाने कोरलेल्या चेहऱ्याचं फार सुंदर काम आणलं. पाच-सहाशे भोकं असतील. लाकूड सांगितलं, तास सांगितले, पॅटर्नबद्दल अवाक्षर नाही. कुणी विचारलंही नाही. पण ज्या गोष्टीचं आम्ही सर्वांत जास्त कौतुक करत होतो, म्हणजे नाकाची रेषा न काढताच नाक दिसतं, सावली कुठे तोडली आहे, डोळ्यातलं पांढरं पडून जाऊ नये म्हणून पापणीशी केवढासा पूल ठेवला आहे, ते सगळं पॅटर्न काढणाऱ्याचं होतं. कापणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. आमचं कौतुक चुकीच्या पत्त्यावर जात होतं आणि त्याने दार उघडून ते आत घेतलं, इतकंच. मला वाटतं, या प्रकारात चोरी होते ती वस्तूची नव्हे, रेषेचीही नव्हे. बघणाऱ्याच्या मनात उमटलेल्या कृतज्ञतेची होते. ती मूळ माणसाकडे जायला निघाली होती, वाटेत कुणीतरी ठेवून घेतली.

याच्या उलटचं खोटं मात्र जास्त सभ्य दिसतं, म्हणून त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. 'छे, माझं काय, मी नुसतं रेषेवरून कापलं.' भाषांतरकारांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं आहे की ते नम्रता म्हणून खपतं. मी ते व्यासपीठावर, प्रस्तावनांत, आभारात पुष्कळदा ऐकलं-वाचलं आहे, आणि ऐकताना दर वेळी चिडचिड होते. नुसतं रेषेवरून कापलं तर टिंब कुणी बसवलं? ही नम्रता निर्णय झाकते, आणि निर्णय झाकले की त्यांच्याबद्दल जाब विचारता येत नाही. 'माझं काहीच नाही' म्हणणारा माणूस दोषातूनही सुटतो, हे विसरायला नको.

मग कुणाचं किती, याचा हिशेब मांडायचा का? इंटरनॅशनल बुकर पुरस्कार २०१६पासून एकेका पुस्तकाला दिला जातो आणि ५०,००० पौंडांची रक्कम लेखक व भाषांतरकार यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२५मध्ये 'हार्ट लॅम्प'साठी बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना तो मिळाला, त्या दिवशी कन्नडच्या आम्हा भाषांतरकारांना घरचं लग्न लागल्यासारखं झालं. निम्मं-निम्मं हे न्याय्य आहे, मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण ती पैशाची वाटणी आहे, कामाची नव्हे. वाक्य मधोमध चिरून अर्धं लेखिकेचं, अर्धं भाषांतरकर्तीचं असं करता येत नाही. १९५७चा आपला कॉपीराइट कायदाही परवानगी आणि मोबदला यांच्याबद्दल बोलतो. 'मी केलं' या वाक्यात काय काय बसतं हे सांगणं त्याचं काम नाही.

या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य म्हैसूरच्या एका कारागिराचं आहे. शिसवी लाकडात रंगीत लाकडांचे तुकडे बसवून चित्रं करायची कला म्हैसूरची. हत्ती, पालख्या, नारळीची झाडं, दसऱ्याची मिरवणूक. रंग लावायचा नाही. पिवळा, तांबूस, राखाडी, सगळे लाकडांचे मूळचे रंग. पूर्वी पांढऱ्यासाठी हस्तिदंत असे, तो बंद झाल्यावर प्लॅस्टिक आलं. तुकडे कापतात ते बारीक पात्याच्या हातकरवतीने, म्हणजे माझ्या यंत्राच्या आजीने. मी त्यांच्याकडे अधूनमधून शिकायला जाते. त्यांना मेस्त्री म्हणते, ते मला अम्मा म्हणतात. वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण तिथली रीत तशी.

मेस्त्रींच्या कामावर त्यांचं नाव नसतं. ते ज्या दुकानाला माल देतात त्या दुकानाचं लेबल असतं. मी पहिल्यांदा एक पेटी पूर्ण केली तेव्हा मागे काय लिहू असं त्यांना विचारलं. त्यांचा पॅटर्न, माझं कापकाम, पॉलिशही त्यांनीच दाखवलेलं. ते म्हणाले, 'तुमचं नाव लिहा. तुकडा निघाला तर कुणाकडे आणायचा ते कळायला हवं.'

नाव म्हणजे मान नव्हे, दुरुस्तीचा पत्ता. मला हे इतकं पटलं की पुढचे कित्येक दिवस मी ते भेटेल त्याला सांगत होते. अजूनही पटतं. पुस्तकावर भाषांतरकाराचं नाव का हवं, तर वाचक एखाद्या ओळीवर अडखळला तर कुणाला पकडायचं ते त्याला कळावं म्हणून. पण हे वाक्य आपल्या सोयीने वापरणं फार सोपं आहे. कारागिराला नावाची हाव नाही, आपल्या परंपरेत कलावंत निनावी राहण्यातच धन्यता मानतो, असं एकदा म्हटलं की दुकानाचं लेबल निर्धास्त होतं. निनावी राहणं कुणाच्या निवडीने झालं आणि कुणाच्या फायद्याचं ठरलं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय निनावीपणाचे गोडवे गाऊ नयेत. मेस्त्रींना मी विचारलं होतं, स्वतःच्या कामावर का लिहीत नाही? ते हसले. 'दुकानदार तासून काढेल.'

हे सगळीकडचं आहे. पितळ आणि कासवाची पाठ एकत्र कापून लाकूडकामावर बसवायच्या फ्रेंच शैलीला 'बूल' म्हणतात, चौदाव्या लुईसाठी काम करणाऱ्या आंद्रे-शार्ल बूलवरून (१६४२–१७३२). ही रीत त्याने शोधली नव्हती, त्याच्या आधीपासून होती. पितळाचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पत्रा एकमेकांवर ठेवून एकाच वेळी करवतीने कापायचे, मग एकातली नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवायची. त्यातून दोन फळ्या तयार होतात: एकीत कासवावर पितळ, दुसरीत पितळावर कासव. पहिलीला 'पहिला भाग' म्हणतात, दुसरीला 'उलटा भाग'. दोन्ही करवतीच्या एकाच फेरीतून जन्मलेल्या, मिनिटभरसुद्धा मागेपुढे नाहीत, तरी एकीला पहिली म्हटलं गेलं. आणि ती करवत चालवणारे हात कुणाचे होते ते लेबलावर नाही.

हैदराबादला तुलनात्मक साहित्याचं एम.ए. करताना या सगळ्याला एक फर्मास उत्तर मिळत असे: लेखक मेला आहे. रोलां बार्थचा तो निबंध १९६७चा. मूळ असं काही नसतंच, सगळं आधीच्या मजकुरांचं विणकाम, मग कोण कुणाचं ऋणी? वर्गात हे ऐकताना मोकळं वाटायचं. पण त्या निबंधावर बार्थचं नाव आहे, आणि ते दर वेळी सांगितलं जातं. कर्त्याचा मृत्यू जाहीर करणं परवडतं ते ज्याचं नाव आधीच कोरलं गेलंय त्याला. मेस्त्रींच्या कारखान्यात कर्ता मरायला आधी जन्माला तर यायला हवा.

पण मूळ शोधत गेलं तर ते खरंच सापडत नाही, हाही अनुभव मी घेतला आहे. पुण्याच्या मैत्रिणीने नव्या घरासाठी माझ्याकडे एक चित्र मागितलं. तिने म्हैसूरच्या एका दुकानात पाहिलेल्या पॅनेलचा फोटो पाठवला होता: नारळीच्या झाडांखालून जाणारी बैलगाडी, गाडीवान, मागे टेकडी. 'हेच कर, पण जाळीचं.' फोटोवरून रेषा उचलणं दहा मिनिटांचं काम. मात्र ते चित्र मी ओळखत होते. मेस्त्रींच्या थोरल्या भावाने काढलेलं, ते आता नाहीत. म्हणून मी म्हैसूरला जाऊन विचारलं.

मेस्त्री म्हणाले, खुशाल करा, भावाने तरी कुठे स्वतःच्या मनाने काढलं होतं? घरात एक कॅलेंडर होतं. गीतोपदेशाचं. कृष्ण, अर्जुन, रथ, घोडे. भावाला ते शिसवात उतरवायचं होतं. पण घोड्यांचे पाय बारीक, लाकडाच्या रेषांना आडवे, कापतानाच मोडायचे. त्याने घोडे काढून बैल घातले, बैलांचे पाय जाड. बैल आल्यावर अर्जुनाचं काम उरलं नाही. कृष्णाच्या जागी गाडीवान बसला. चाक तेवढं राहिलं.

मी परत फोटो पाहिला. चाक राजेशाही होतं. खेड्यातल्या गाडीला इतक्या आऱ्या, आऱ्यांच्या टोकांना कळ्या, हे मला आधीही खटकलं होतं. कारागिराची हौस म्हणून सोडून दिलं होतं. गाडीवानाचं बसणंही वेगळं होतं, मान मागे वळवून कुणाशी तरी बोलत असल्यासारखं. गाडीत तर कुणीच नव्हतं.

आता या चित्राचा कर्ता कोण? कॅलेंडरचा चित्रकार, ज्याचं नाव मेस्त्रींना माहीत नव्हतं? की थोरला भाऊ? 'त्याने नक्कल केली' म्हणणं अपुरं, 'त्याने निर्माण केलं' म्हणणंही अपुरं. त्याचं श्रेय नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं: घोड्यांचे बैल झाले तिथे. लाकडाला काय पेलेल हे त्याला कळलं तिथे. माझ्या मते श्रेय सांगणं म्हणजे एवढंच. मालकी ठरवणं नव्हे, कुठे काय बदललं आणि कुणी बदललं, याची हकिगत सांगणं. गाणारे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात आणि मग आपलं गाणं आपल्या गळ्याने गातात. नुसतं गुरूचं म्हणून दाखवलं असं कुणी म्हणत नाही. रथाचं म्हणाल तर तो लोकांच्या बोलीत उतरवायचं काम आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. गीतेच्या ७०० श्लोकांच्या सुमारे ९००० ओव्या झाल्या, त्यांत जागोजागी निवृत्तिनाथांचं नाव येतं, आणि तरीही ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांचीच आहे. इथे किती टक्के कुणाचे, असा प्रश्न सुचणाऱ्या माणसाबद्दल मला काळजी वाटेल.

जाळीकाम करताना मलाही बदल करावे लागले. मेस्त्रींच्या पद्धतीत तुकडा शिसवात बसलेला असतो, पाय अधांतरी असले तरी चालतं. जाळीत प्रत्येक भाग कशाला तरी धरून असावा लागतो, नाहीतर पडतो. बैलांचे पाय खाली कशालाही टेकत नव्हते. मी त्यांच्या खुरांखाली गवत काढलं, उंच, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं, आणि पाय गवताला बांधले. टेकडी सोडून दिली. चाकाला हात लावला नाही.

हे पॅनेल घरी आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'लेझर का?' हल्ली सगळेच विचारतात. लेझरचं यंत्र असलं काम काही मिनिटांत करतं, कडा किंचित जळून तपकिरी येतात, बाकी चोख. मला लेझरचा राग नाही. शंभर पाट्या हव्या असतील तर मीही तिकडेच पाठवीन. पण 'मी केलं' या वाक्याला तिथे काय होतं ते मला बघायचं असतं. लेझरला गवताच्या पात्याजवळ थांबून विचार करावा लागत नाही. त्यामुळे अमुक वळण असं का, हे त्याला विचारता येत नाही; फार तर फाइल बनवणाऱ्याला विचारता येईल. वेळ किती लागला, घाम किती गाळला, याने काम माझं होत नाही. कष्टांवरून मालकी सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाईट भाषांतरालाही तितकेच महिने लागतात. माझं होतं ते एवढ्यावरून की कुठल्याही वळणावर बोट ठेवून विचारलं तर मी उत्तर देऊ शकते.

हा प्रश्न लाकडापुरता राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. गेल्या वर्षी एका प्रकाशनसंस्थेने मला एक कादंबरी पाठवली. मूळ कन्नड, आणि सोबत यंत्राने केलेला मराठी मसुदा. मसुद्यावरून 'एकदा हात फिरवायचा', नेहमीच्या तिसरा हिस्सा मानधनात, आणि पुस्तकावर 'भाषांतर' म्हणून माझं नाव. मसुदा वाटला होता त्याहून बरा होता, हे सांगायलाच हवं. काही पानं तर चांगली होती. अडचण तिथेच होती. चांगल्या पानांवर मी ठरवलेलं काही नव्हतं, आणि हात फिरवायचा म्हणजे जिथे खडबडीत लागेल तिथेच थांबायचं. गुळगुळीत जागी चूक असेल तर ती माझ्या बोटांना कळणारच नव्हती. एका ठिकाणी आजी नातीला लाडाने शिवी देते, तिथे यंत्राने शिवी काढून 'वेडी मुलगी' घातलं होतं. वाक्य सुरळीत. तिथे कुणाचाही हात थांबला नसता.

मेस्त्रींचा निकष लावला तर उत्तर सोपं होतं. तुकडा निघाला तर कुणाकडे आणायचा? माझ्याकडे आणून उपयोग नव्हता, कारण तो कसा बसवला होता हे मला माहीत नसणार. मी त्यांना कळवलं की मूळावरून पहिल्यापासून करते, नेहमीच्या मानधनात; किंवा मसुदा तपासून देते, पण मग 'भाषांतर' खाली माझं नाव नको, जे झालं ते जसंच्या तसं छापा. दोन्ही त्यांना नको होतं. त्यांना नाव हवं होतं. तीन महिन्यांचं घरभाडं त्या कामातून निघालं असतं, तेव्हा निर्णय फार उदात्त मनाने घेतला असं काही मी म्हणणार नाही. घेऊन दोन दिवस बेचैन होते. पुस्तक आता आलं आहे, त्यावर कुणाचं नाव आहे ते इथे महत्त्वाचं नाही. ज्यांनी ते काम घेतलं त्यांनाही भाडं भरायचं असतं. मी दुकानात उभी राहून ते पान उघडलं. आजी 'वेडी मुलगी'च म्हणते आहे.

बैलगाडी पुण्याला गेली. पाठवण्याआधी मागे काय लिहायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शाईने लिहिलं तर पॉलिशमध्ये ती पसरते, म्हणून कच्च्या लाकडावर पेन्सिलीने लिहायचं आणि वरून पॉलिशचा हात द्यायचा, मग ते राहतं. जागा फार नव्हती, जाळीत सलग लाकूड उरतं ते फक्त कडेच्या पट्टीवर. कन्नडमध्ये आणि मराठीत असं दोनदा लिहिलं, कारण मेस्त्रींना मराठी वाचता येत नाही आणि पाठवण्यापूर्वी त्यांना फोटो दाखवायचा होता. लिहिलं ते असं: रथ कॅलेंडरवरचा, चित्रकार अज्ञात. बैल मेस्त्रींच्या थोरल्या भावाचे. (इथे दोघांची नावं आहेत, ती मी या लेखात देत नाही, त्यांनी ती पॅनेलसाठी दिली होती, छापण्यासाठी नव्हे.) गवत आणि कापकाम माझं. खाली माझा फोन नंबर.

मेस्त्रींनी फोटो मोठा करून वाचला. भावाचं नाव दोनदा वाचलं. मग पुढची बाजू बघत म्हणाले, गवत जरा जास्तच झालंय.

मैत्रिणीने पॅनेल दिवाणखान्यात लावलं आहे. मागची बाजू अर्थातच भिंतीकडे.